भागीदाराचे इमान आणि एका शेअराचे अंतर

न्यूयॉर्क शहरात पाचवा अॅव्हेन्यू आणि बेचाळिसावा रस्ता ज्या चौकात एकमेकांना छेदतात, त्या चौकाच्या वायव्य कोपऱ्यावर, सार्वजनिक ग्रंथालयाच्या भव्य वास्तूसमोर, १९३१ साली बांधून पुरी झालेली सुमारे साठ मजल्यांची एक इमारत उभी आहे. एम्पायर स्टेट बिल्डिंगचा आराखडा ज्या वास्तुशिल्पज्ञांनी केला त्यांनीच हिचाही केला. परंतु त्या जगविख्यात वास्तूपुढे हिचे नाव सामान्य प्रवाशाच्या कानी सहसा पडत नाही. कायद्याच्या अभ्यासकांना मात्र ही जागा निराळ्याच कारणाने परिचित आहे. तिच्या पायाखालच्या जमिनीच्या भाडेपट्ट्यावरून दोन भागीदारांत एक दावा झाला, आणि १९२८ सालच्या शेवटच्या दिवशी त्याचा जो निकाल लागला त्यात भागीदाराने भागीदाराशी कसे वागावे याचा दंडक इतक्या उंचावर नेऊन ठेवण्यात आला की, अमेरिकेत हा विषय निघाला म्हणजे आजही त्या निकालाचा दाखला दिल्यावाचून वकिलांचे भाषण पुरे होत नाही.

दावा अमेरिकेतला असला तरी त्यात गुंतलेला प्रश्न आपल्याकडच्या कोणत्याही पेठेतल्या दुकानदाराला सहज उमगावा असा आहे. दोघे मिळून धंदा काढतात. एकाजवळ अनुभव आणि वेळ असतो, दुसऱ्याजवळ पैसा. कारभार एकाच्या हाती राहतो, दस्तऐवज त्याच्याच नावाने होतात, आणि दुसऱ्याचा हक्क एखाद्या साध्या करारनाम्यावर, पुष्कळदा तर नुसत्या शब्दावर उभा असतो. जोवर हिशेब मिळतो आणि नफा वेळेवर वाटला जातो, तोवर या विषमतेकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु कारभार पाहणाऱ्याकडे एखाद्या दिवशी मोठी संधी चालून येते, आणि मग ती संधी त्याची एकट्याची की दोघांची, या प्रश्नापाशी वर्षानुवर्षांच्या मैत्रीची परीक्षा होते.

१९०२ च्या एप्रिल महिन्यात लुइझा गेरी या मालकिणीने उपरोक्त कोपऱ्यावरची ‘हॉटेल ब्रिस्टल’ नावाची इमारत वॉल्टर सॅल्मन या गृहस्थांना वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. पट्ट्याची मुदत १ मे १९०२ पासून ३० एप्रिल १९२२ पर्यंत होती, आणि पट्टेदाराने दोन लाख डॉलर खर्चून त्या हॉटेलाचे दुकानांत आणि कचेऱ्यांत रूपांतर करावे अशी अट होती. एवढी रक्कम एकट्याने उभी करणे सॅल्मन यांना शक्य नव्हते, म्हणून त्यांनी मॉर्टन माइनहार्ड या लोकरीच्या व्यापाऱ्याशी करार केला. खर्चाचा निम्मा भाग माइनहार्ड यांनी द्यावा. पहिली पाच वर्षे त्यांना निव्वळ नफ्याचे चाळीस टक्के आणि पुढे पन्नास टक्के मिळावेत. तोटा आल्यास दोघांनी सारखा सोसावा. इमारतीची वहिवाट, पोटभाडेकरू ठेवणे आणि एकंदर सर्व व्यवस्था मात्र सॅल्मन यांनीच पाहावी, असे ठरले. पट्टा सॅल्मन यांच्या एकट्याच्या नावावर होता आणि तसाच राहिला. आरंभीच्या अडचणींची वर्षे सरल्यावर धंद्याला बरकत आली आणि गुंतवलेल्या पैशाचा दोघांनाही भरपूर मोबदला मिळाला.

मुदत संपायला जेमतेम चार महिने उरले असताना परिस्थिती पालटली. जमिनीची मालकी आता एल्ब्रिज गेरी यांच्याकडे आली होती, आणि शेजारच्या आणखी काही जागाही त्यांच्याच होत्या. जुन्या इमारती पाडून त्या सगळ्या जागेवर एकच मोठी इमारत उभारील असा धनवान पट्टेदार त्यांना हवा होता. काही भांडवलदारांशी त्यांनी बोलणी केली, ती फिसकटली, आणि मग ते आपल्या विद्यमान पट्टेदाराकडे, म्हणजे सॅल्मन यांच्याकडे, आले. २५ जानेवारी १९२२ रोजी नवा पट्टा झाला. त्याची मुदत वीस वर्षांची असली तरी नूतनीकरणाच्या कलमांमुळे ती ऐंशी वर्षांपर्यंत जाऊ शकत होती; पूर्वीचे सालीना पंचावन्न हजार डॉलर भाडे जाऊन त्या जागी साडेतीन लाखांपासून पावणेपाच लाखांपर्यंत भाडे आले होते; आणि सात वर्षांनंतर तीस लाख डॉलर खर्चाची नवी इमारत बांधण्याची तरतूद होती. पट्टा घेतला होता ‘मिडपॉइंट रिअॅल्टी कंपनी’ने, आणि त्या कंपनीची सारी मालकी व सारा ताबा सॅल्मन यांचा होता. या वाटाघाटींची वार्ता माइनहार्ड यांना कोणीही दिली नाही. फेब्रुवारीत त्यांना जेव्हा ती कळली तेव्हा सारे ठरून, सह्या होऊन चुकले होते. नव्या पट्ट्याची जबाबदारी आपणही निम्मी उचलतो, तो दोघांच्या वतीने धारण केलेला समजावा, अशी मागणी त्यांनी केली; ती फेटाळली गेली, आणि प्रकरण न्यायालयात गेले.

सॅल्मन यांची बाजू लटकी नव्हती, हे येथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. करार वीस वर्षांचा होता आणि वीस वर्षांची मुदत सरत आली होती. नवा पट्टा जुन्याचे नूतनीकरण नव्हे. जागा मोठी, भाडे अनेकपट, मुदत निराळी. त्याखालच्या साऱ्या जोखमीची हमी सॅल्मन यांनी व्यक्तिशः घेतली होती. दोघांची भागीदारी एका ठराविक कामापुरती असताना तिचे बंधन त्या कामापलीकडे का पोहोचावे? न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायासनावरील सात न्यायाधीशांपैकी तिघांना, आणि त्यांत न्यायमूर्ती अँड्रूज यांच्यासारख्या विचक्षण न्यायाधीशाला, हाच विचार पटला. उरलेल्या चौघांच्या वतीने मुख्य न्यायाधीश बेंजामिन कार्डोझो यांनी निकालपत्र लिहिले, आणि चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने माइनहार्ड जिंकले.

कार्डोझो यांनी सॅल्मन यांच्यावर जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीचा आरोप ठेवला नाही. त्यांच्या विवेचनाचा रोख असा की, बाजारात परस्परांशी दूर राहून सौदा करणाऱ्या दोन परक्यांना जे वर्तन क्षम्य असते ते पुष्कळदा भागीदारांना वर्ज्य असते. व्यापारात सामान्यतः जेवढी सचोटी पुरते तेवढी त्यांना पुरत नाही. आणि ज्याच्या हाती कारभार सोपवलेला आहे त्याच्यावर हे बंधन सर्वांत कडक. गेरी हे सॅल्मन यांच्याकडे आले ते त्यांच्या हातात ती इमारत होती म्हणून. ती इमारत हातात होती ती दोघांच्या पैशामुळे. आणि पडद्यामागे दुसरा भागीदार आहे हे गेरी यांना ठाऊकच नव्हते. म्हणजे संधी दारात आली ती भागीदारीच्या दारात आली होती, आणि दार उघडायला केवळ एकटे सॅल्मन घरात होते. त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता. तो बोलला गेला असता तर माइनहार्ड यांना स्वतंत्रपणे गेरी यांच्याकडे जाऊन चढाओढ करता आली असती, किंवा दोघांनी मिळून पुढे जाण्याचा प्रस्ताव मांडता आला असता. ही संधीच त्या मौनाने हिरावून घेतली. माझ्या मते या निकालाचे मर्म हेच की, भागीदारीत नफ्याइतकीच बातमीही समाईक असते.

यानंतरचा प्रश्न उपायाचा होता, आणि तो सोडवताना न्यायालयाने जे कौशल्य दाखवले ते या प्रकरणातले सर्वांत उद्बोधक अंग आहे. पट्टा सॅल्मन यांच्या नावावर नसून कंपनीच्या नावावर होता. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने भागधारकांहून भिन्न अशी व्यक्ती. तिने माइनहार्ड यांच्याशी कसलाही करार केलेला नव्हता. म्हणून न्यायालयाने माइनहार्ड यांचा हक्क कंपनीच्या शेअरांवर बसवला: हे शेअर सॅल्मन यांच्या नावावर असले तरी त्यांतला माइनहार्ड यांचा हिस्सा ते विश्वस्त म्हणून धारण करतात असे ठरवले. मूळच्या चौकशीत माइनहार्ड यांना चौथा हिस्सा मिळाला होता, अपिलात तो निम्मा झाला. परंतु शेअरांची अगदी सारखी वाटणी केली असती तर कारभाराचे गाडे अडले असते, शिवाय मूळ करारान्वये व्यवस्था पाहण्याचा अधिकार सॅल्मन यांचा होता आणि तो हिरावून घेणे न्याय्य नव्हते. म्हणून सॅल्मन यांच्या निम्म्या हिश्श्यात एक शेअर अधिक घालावा, असा हुकूम झाला. लाभ सारखा, बोजाही सारखा, आणि कारभाराची सूत्रे जेथे होती तेथेच. तिन्ही गोष्टी एका शेअराच्या अंतराने साधल्या गेल्या.

येथे ‘विश्वस्त’ हा शब्द आला, त्याविषयी थोडे स्पष्टीकरण अवश्य आहे. आपल्याकडे ट्रस्ट म्हटले की देवस्थान, धर्मशाळा, शिक्षणसंस्था आणि धर्मादाय आयुक्तांची कचेरी डोळ्यांपुढे येते. ते सार्वजनिक न्यास होत. खासगी न्यासाची कल्पना याहून साधी आहे. मालमत्ता एकाच्या नावावर असते, परंतु तिचा लाभ दुसऱ्याचा असतो, आणि ज्याच्या नावावर ती आहे त्याने ती त्या दुसऱ्याच्या हितासाठीच वापरली पाहिजे. असा न्यास पुष्कळदा दस्तऐवज करून निर्माण केला जातो; पण कोणी काहीही लिहून न देता, वर्तनामुळेच, कायदा एखाद्यावर विश्वस्ताची भूमिका लादतो, असेही घडते. ज्या नात्यात एकाने दुसऱ्यावर विसंबून राहणे गृहीत असते, जसे पक्षकार आणि वकील, पालक आणि अज्ञान पाल्य, कंपनी आणि संचालक, भागीदार आणि भागीदार, त्या नात्याला कायद्याच्या मराठीत ‘वैश्वासिक संबंध’ म्हणतात.

या विचाराचे मूळ इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयात आहे. १७२६ साली रमफर्ड येथील बाजाराच्या पट्ट्याचे एक प्रकरण तेथे आले. पट्टा एका अज्ञान मुलाच्या हितासाठी विश्वस्ताकडे होता. मुलाच्या नावाने तो पुढे चालवण्यास मालकाने साफ नकार दिला, तेव्हा विश्वस्ताने तो स्वतःच्या नावाने करून घेतला. मुलाला तो पट्टा मिळणे शक्यच नव्हते, म्हणजे विश्वस्तामुळे त्याचे काही बुडाले असेही म्हणता येत नव्हते. तरीही, जगात इतर कोणीही तो पट्टा घेऊ शकेल पण हा एक विश्वस्त घेऊ शकणार नाही, असे लॉर्ड चॅन्सेलर किंग यांनी ठरवले. नियम कठोर खरा. परंतु येथे सवलत दिली तर प्रत्येक विश्वस्त नूतनीकरणाच्या वेळी मालकाच्या नकाराची वाट पाहू लागेल, हे त्यांनी ओळखले होते. दोनशे वर्षांनंतर न्यूयॉर्कमध्ये उमटला तो याच निर्णयाचा प्रतिध्वनी.

आपल्या देशात ही तत्त्वे न्यायाधीशांच्या निकालांवर सोडून न देता विधिमंडळाने कलमांत बांधली आहेत. १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाचे ८८ वे कलम सांगते की, विश्वस्त, भागीदार, अभिकर्ता, कंपनीचा संचालक किंवा वैश्वासिक नात्यातला कोणीही आपल्या स्थानाचा उपयोग करून स्वतःसाठी काही लाभ मिळवील, तर तो लाभ त्याने ज्याच्या हिताचे रक्षण करायचे त्याच्याकरिता धारण केला आहे असे समजावे. कलमाखाली दिलेल्या उदाहरणांपैकी एक तर जणू आपल्या बाजारपेठेतूनच उचललेले वाटते: सर्व भागीदारांच्या वतीने एका पट्ट्याच्या अटी ठरवायला गेलेला भागीदार मालकाकडून गुपचूप स्वतःसाठी एक लाख रुपये ठरवून घेतो, ते लाख रुपये भागीदारीचे. १९३२ च्या भागीदारी अधिनियमाच्या ९ व्या कलमाने भागीदारांवर परस्परांशी न्यायाने आणि निष्ठेने वागण्याचे, खरे हिशेब देण्याचे आणि पेढीसंबंधी सर्व माहिती पूर्णपणे पुरवण्याचे कर्तव्य घातले आहे. आणि १६ व्या कलमाप्रमाणे पेढीच्या व्यवहारातून, मालमत्तेतून, नावातून किंवा व्यापारी संबंधांतून भागीदाराने खासगी नफा काढला तर, करारात निराळे ठरले नसल्यास, तो त्याने पेढीत भरला पाहिजे. माहिती पूर्णपणे पुरवण्याचे कर्तव्य कलमात हिशेबाच्या शेजारी बसवले आहे, हे वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे.

शेअरांच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक पेच आहे. भागीदारी पेढी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती नसल्यामुळे कंपनीच्या सभासदांच्या नोंदवहीत पेढीचे नाव चढत नाही. पेढीच्या पैशाने शेअर घेतले तरी ते कोणा भागीदाराच्या किंवा भागीदारांच्या नावावरच घ्यावे लागतात. मालकी पेढीची, नाव व्यक्तीचे; म्हणजे प्रत्येक वेळी एक न्यास निर्माण होतो, मग तसा शब्द कोणी उच्चारो वा न उच्चारो. परंतु कंपनीला या न्यासाशी कर्तव्य नसते. तिच्या पुस्तकात ज्याचे नाव त्याला लाभांश, त्यालाच मत, त्यालाच नव्या शेअरांचा देकार. कंपन्यांसाठी कायद्याने दिलेल्या नमुना नियमावलीतच, कोणी न्यास म्हणून शेअर धारण करतो हे कंपनीने मानू नये, असा नियम आहे. त्याला कारणही सबळ आहे, कारण प्रत्येक शेअरामागे खरा मालक कोण याचा शोध घेत बसली तर कंपनी आपले काम कधी करणार?

मग ज्याचे नाव पुस्तकात नाही त्याने काय करावे? २०१३ च्या कंपनी अधिनियमाच्या ८९ व्या कलमाने त्याला एक मार्ग आखून दिला आहे. ज्याच्या नावावर शेअर आहेत त्याने आणि ज्याचा त्यांत लाभाचा हक्क आहे त्याने, दोघांनीही, तीस दिवसांच्या आत कंपनीकडे तसे प्रकटन करावे, आणि कंपनीने पुढच्या तीस दिवसांत ते निबंधकांकडे नोंदवावे. याच कलमात एक कडक तरतूद आहे: प्रकटन करणे आवश्यक असून जर केले नाही, तर त्या शेअरांतला लाभाचा हक्क त्या लाभधारकाला बजावता येत नाही. विश्वासावर शेअर दुसऱ्याच्या नावावर ठेवणाऱ्या अनेकांना ही तरतूद वाद उद्भवल्यावर पहिल्याने कळते. बेनामी व्यवहारांवर १९८८ च्या अधिनियमाने बंदी आली आहे. वैश्वासिक नात्याने धारण केलेली मालमत्ता त्या व्याख्येतून वगळली आहे खरी, परंतु असे नाते होते हे सिद्ध करण्याचे ओझे अखेर कागदांवरच पडते.

विश्वस्ताच्या कर्तव्याला मर्यादाही आहेत. शेअर विकणाऱ्याने पैसे घेऊन हस्तांतरपत्र दिले, पण खरेदीदाराचे नाव कंपनीच्या पुस्तकात अजून चढलेले नाही, अशा अवस्थेत विक्रेता त्याच्या वतीने विश्वस्त ठरतो, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली ‘बॉम्बे लाइफ अॅशुरन्स’ कंपनीच्या शेअरांसंबंधीच्या खटल्यात मान्य केले. त्याच वेळी, नवे शेअर घेण्याची आर्थिक जोखीम विक्रेत्याने खरेदीदारासाठी अंगावर घ्यावी इतके हे कर्तव्य ताणता येत नाही, असेही सांगितले. बडोद्याच्या गायकवाड घराण्यातील कंपन्यांच्या वादाचा निकाल देताना २००५ साली त्याच न्यायालयाने असे म्हटले की, संचालकाचे वैश्वासिक कर्तव्य मुख्यतः कंपनीप्रत असते. एकेका भागधारकाप्रत ते केवळ विशेष परिस्थितीतच उत्पन्न होते.

या शेवटच्या मुद्द्याचा आपल्या लहान व्यापाऱ्यांशी निकटचा संबंध आहे. दोन मित्रांची किंवा दोन भावांची जुनी पेढी कर सल्लागाराच्या सांगण्यावरून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होते. दुकान तेच, गल्ला तोच, गिऱ्हाईक तेच, म्हणून नातेही तेच राहिले अशी दोघांची समजूत असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते भागीदार राहिलेले नसून भागधारक आणि संचालक झालेले असतात. भागीदारी अधिनियमाचे ९ वे कलम त्यांच्यापुरते मागे पडते आणि कंपनी अधिनियमाचे संचालकांविषयीचे १६६ वे कलम पुढे येते. त्यातही संचालकाला अनुचित लाभ घेण्यास मनाई आहे आणि तसा लाभ घेतल्यास तेवढी रक्कम कंपनीला देण्याची सक्ती आहे, पण ती कंपनीला, मित्राला नव्हे. भागीदार म्हणून जे संरक्षण सहज मिळत होते ते भागधारकाला करारनाम्यात लिहून घ्यावे लागते.

म्हणून धंदा भागीत करणाऱ्या प्रत्येकाला माझे कळकळीचे सांगणे आहे. शेअर कोणाच्या नावावर, पैसा कोणाचा आणि लाभ कोणाचा, हे पहिल्याच दिवशी, प्रेम ताजे असताना, कागदावर उतरवा. कायद्याने सांगितलेले प्रकटन मुदतीत करा. पेढीची कंपनी करताना जुन्या करारातली कलमे नव्या करारात आणा. आणि कारभार तुमच्या हाती असेल तर धंद्यामुळे चालून आलेली कोणतीही संधी स्वतःकडे घेण्यापूर्वी ती भागीदाराला सांगा. तो नको म्हणाला तर तसे त्याच्या सहीनिशी लिहून घ्या आणि मग निश्चिंतपणे पुढे जा. न्यूयॉर्कच्या त्या कोपऱ्यावरचा तंटा सहा वर्षे आणि तीन पायऱ्या चढून गेला. जानेवारी १९२२ मध्ये सॅल्मन यांनी माइनहार्ड यांना एक पत्र लिहिले असते तर तो उद्भवण्याचे कारणच उरले नसते.